प्लेटोची पोरं आणि भोपळा

नमस्कार श्रोतेहो. अथेन्सच्या रंगभूमीवर तत्त्वज्ञांची टर उडवायची रीतच होती. ख्रिस्तपूर्व ४२३ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसनं 'मेघ' नाटकात सॉक्रेटिसला टोपलीत बसवून हवेत टांगलं. त्याच्याकडे येऊच. पण माझा लाडका किस्सा आहे भोपळ्याचा.

पुढच्या शतकात एपिक्रेटिस नावाचा विनोदी नाटककार होऊन गेला. त्याच्या एका नाटकातला संवादाचा तुकडा शिल्लक आहे. त्यात एक जण विचारतो, प्लेटो आणि त्याची मंडळी सध्या करतात तरी काय? दुसरा म्हणतो, अहो, मी डोळ्यांनी पाहिलं ना! अ‍ॅकॅडमीत, म्हणजे प्लेटोच्या शाळेत, पोरं जमलेली. प्राणी वेगळे, झाडं वेगळी, भाज्या वेगळ्या, अशी सृष्टीची वर्गवारी चाललेली. होता होता गाडी भोपळ्यापाशी आली. भोपळा कुठल्या जातीत घालायचा? झालं! सगळे गप्प. माना खाली. विचार, विचार, विचार. मग एक म्हणतो, ही गोल भाजी. दुसरा म्हणतो, गवत. तिसरा म्हणतो, झाड!

  

तर तिथं सिसिलीचा एक वैद्य उभा होता. हे ऐकून तो चक्क पादला. नाटकातच आहे हो, मी काय करू? पोरं चिडली? छे! आणि प्लेटो? तोही तिथंच. जराही न रागावता म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून ठरवा. पोरं पुन्हा भोपळ्याला भिडली.

म्हणजे प्लेटो लोकांपुढे आला तो असा: विक्षिप्त, पण निरुपद्रवी. सॉक्रेटिसचं तसं झालं नाही. 'मेघ'मधला सॉक्रेटिस खोट्याचं खरं करायला शिकवतो, आणि शेवटी त्याची शाळाच पेटवून देतात. स्पर्धेत नाटक तिसरं, म्हणजे शेवटचं आलं. प्रतिमा मात्र चिकटली. प्लेटोवर लोक हसले, सॉक्रेटिसवर हसले आणि संशयही घेतला. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये त्याच्यावर खटला उभा राहिला. प्लेटो लिहितो, की सॉक्रेटिसनं न्यायसभेला सांगितलं: आजच्या फिर्यादींपेक्षा मला जुन्यांची भीती जास्त, त्यांचं तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. आणि पुरावा म्हणून अ‍ॅरिस्टोफेनिसचं नाटक.

याच प्लेटोनं 'सिम्पोझियम' या आपल्या संवादग्रंथात सॉक्रेटिस आणि अ‍ॅरिस्टोफेनिस या दोघांना एका मेजवानीत बसवलंय. पहाटेपर्यंत तिघेच जागे: सॉक्रेटिस, यजमान अगाथॉन आणि अ‍ॅरिस्टोफेनिस. तिघांत आधी डुलकी कोणाला लागते? अ‍ॅरिस्टोफेनिसला!