काकींची पेज आणि गवंड्याची नळी

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय जमिनीत पुरलेल्या इंधनाच्या टाक्या आणि आपल्या विहिरी. पंपावर आपण गाडीत तेल भरतो ते पायाखालच्या टाकीतून येतं, हे तुम्हाला माहीत आहेच. टाकी लोखंडाची, हवा आपली खारी, माती ओली. गंज कुठे लागला ते वरून दिसत नाही. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला दीड-दोन लिटर जातं, आणि 20 हजार लिटरच्या टाकीत डिपस्टिकला त्याचा पत्ताही लागत नाही.

बरं, आता आमच्या काकींची गोष्ट सांगतो. मालवणकडचं गाव, मृग नुकता लागलेला. मी सकाळी टेकलो तर काकींनी पेजेची वाटी पुढे केली.

"खाऊन बघ. घासलेटचो वास येता की नाय?"

मी म्हटलं, स्टोव्हचा असेल. "स्टो माळ्यार पडलोहा. ही चुलीर शिजयलेली पेज," काकी म्हणाल्या. वास होता. मुलगा म्हणत होता आईला भास होतो. हल्लीच्या पोरांना घासलेटचा वासच ओळखता येत नाही, कारण कंदिलाची काच पुसायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. असो.

आम्ही विहिरीचं पाणी घमेल्यात ओतलं. वर इंद्रधनुष्यी तवंग. आता हे नीट ऐका, कारण कोकणात प्रत्येक तवंग तेलाचा नसतो. आपल्या जांभ्यात लोह भरपूर, त्यावर जगणारे जिवाणूही असाच चकचकीत पापुद्रा धरतात. भाताच्या खाचरात तुम्ही तो पाहिला असेल. काडीने मोडून बघायचं. पापुद्र्याचे तुकडे झाले आणि तुकडेच राहिले, तर जिवाणू. पुन्हा सांगतो, तुकडे झाले तर जिवाणू. काडी फिरवल्यावर तवंग परत एकमेकांत मिसळला, तर तेल. काकींच्या घमेल्यातला मिसळला.

झालं! दुपारपर्यंत निम्मा गाव रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर. रस्ता पंपाकडून काकींच्या घराकडे उतरतो, म्हणजे तेलही उतरणार, असा सगळ्यांचा हिशेब. पंपवाल्याने बिचाऱ्याने साठ्याची वही काढून दाखवली. पण ऐकतो कोण?

वाडीतला एक म्हातारा गवंडी मात्र म्हणाला, "रस्त्याचो उतार बघू नकात, पाण्याचो बघा." जांभा चाळणीसारखा. पाणी त्यातून सरळ खाली जातं आणि चिकण मातीच्या थरावर पोचलं की त्या थराच्या उताराने चालतं. तो उतार रस्त्यासारखाच असेल असं नाही. मग त्याने आपली लेव्हलची पारदर्शक नळी काढली. तीन विहिरी घेतल्या: काकींची, पंपाजवळची आणि शाळेमागची. तीनच का? दोन विहिरींवरून पाण्याची दिशा ठरत नाही, निदान तीन लागतात. नळी सरकवत सरकवत तिन्ही कठड्यांची उंची जुळवली आणि प्रत्येक कठड्यावरून दोरी सोडून पाणी किती खाली ते मोजलं. अख्खी सकाळ गेली. मोठे तपासणीवाले नवे बोअर मारतात, पण हिशेब हाच.

निघालं काय, तर पंपाजवळच्या विहिरीतलं पाणी काकींच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर! तिथून इकडे येणार कसं? सगळ्यात वरची पातळी शाळेमागे. आणि शाळेच्या मागे, करवंदीच्या जाळीत, कधीचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना. तिथल्या एका जुन्या कामगाराला आठवलं, जनरेटरसाठी डिझेलची टाकी पुरली होती. ती कुणी काढलीच नव्हती. खणल्यावर बघितलं तर वरचा पत्रा चाळण झालेला. पावसाचं पाणी आत जायचं, डिझेल हलकं म्हणून वर तरंगायचं आणि भोकांतून मातीत उतरायचं. म्हणून वास मृगातच.

गोष्टीत वेळ गेला, उरलेलं भराभर सांगतो. डिझेलचा वास काकींना आला, पण पेट्रोलमधलं बेंझिन नाकाला कळण्याच्या कितीतरी आधी घातक असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे फक्त 10 मायक्रोग्रॅम. शंका असेल तर पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका, आणि उकळून चालेल असं समजू नका. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ, वर हवेचा बुडबुडा न ठेवता भरा आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्या. प्लास्टिकची बाटली नको. काचेची, काठोकाठ, बर्फात. नळयोजना आली म्हणून विहिरीत निर्माल्य टाकणाऱ्यांबद्दल मला बरंच बोलायचं होतं, ते पुन्हा कधीतरी.

टाकी काढली, काळी पडलेली माती खणून नेली. तरी पुढचे दोन पावसाळे काकींनी शेजारचं पाणी भरलं. परवा गेलो तर स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची पेज होती. वाटी माझ्यापुढे ठेवण्याआधी त्यांनी ती नाकाशी नेली, मग म्हणाल्या, "खा आता."