भोंगा आणि झाडूवाल्या आजी

नमस्कार मंडळी. मी टोकियोहून बोलतेय, म्हणजे निशीकासाईहून, शहराच्या पार पूर्वेला एदोगावा वॉर्डात, इथे आपली आयटीवाली इतकी कुटुंबं आहेत की तूरडाळीसाठी लांब जावं लागत नाही, आणि 2019 मध्ये आपले योगेंद्र पुराणिक इथूनच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

संध्याकाळी मी फुरुकावाच्या काठाने चालते. एकेकाळी त्याचं घाणेरडं गटार झालं होतं, 1973 मध्ये त्याचाच बागेतला ओढा केला, जपानमधला असला पहिलाच. उन्हाळ्यात पोरं त्यात पाय सोडून बसलेली दिसली की मला पुण्यातला आंबिल ओढा आठवतो आणि पोटात तुटतं हो.

निघताना गल्लीच्या तोंडाशी एक आजी बांबूच्या झाडूने पानं झाडत असतात, आधी नुसती मान हलायची, मग हवेबद्दल दोन शब्द, माझं जपानी तेवढंच. तेवढ्यात खांबावरच्या भोंग्यातून धून वाजते आणि पोरं घरी पळतात. मला वाटायचं पोरांसाठीच आहे ती, नंतर कळलं की भूकंप-पुराची सूचना देणारी यंत्रणा चालू आहे ना, हे त्यातनं रोज तपासलं जातं. इथली साधारण 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, म्हणजे ही गंमत नाही.

12 ऑक्टोबर 2019 ला हागिबिस वादळ आलं. भोंगा काहीतरी सांगत होता, पण बाहेर पाऊस, खिडक्या घट्ट बंद, आणि ऐकू आलं तरी मला कळणार काय! तेवढ्यात बेल वाजली. दारात आजी, अंगात रेनकोट, गमबुटात पाणी, हातात वॉर्डाचा पुराचा नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, त्यावर आमच्या शाळेभोवती लाल पेनने गोल. म्हणाल्या, चल. लेकीला उचललं, पासपोर्ट घेतले आणि निघालो. नशिबाने आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण रात्रभर शाळेच्या जमिनीवर त्यांनी आपलं पांघरूण माझ्या लेकीवर घातलं होतं.

माझा मजला, माझं दार त्यांना कसं माहीत, हे मी विचारलं. रोज बघते ना, म्हणाल्या.

आता सुट्टीत पुण्याला निघाले की आधी त्यांच्याकडे जाते, किती दिवस नसेन ते बोटांवर मोजून दाखवते, आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेवढ्या दिवसांवर खुणा करून ठेवतात.