एप्रिलचे एकोणतीस सामने

[दृश्य: पिट्सबर्ग. अलेगेनी नदी, काठावरचं पीएनसी पार्क. काळी-पिवळी टोपी घातलेली माणसं फाटकाकडे निघाली आहेत.]

एप्रिल २०२३ संपला तेव्हा पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या नावावर २० विजय होते आणि ९ पराभव. मेजर लीग या अव्वल स्पर्धेतल्या दोन गटांपैकी नॅशनल लीगच्या १५ संघांत इतके विजय दुसऱ्या कुणाचे नव्हते. याच संघाने २०२१ मध्ये १०१ आणि २०२२ मध्ये १०० सामने गमावले होते. त्याआधीचा इतिहासही फार सुखाचा नाही. १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. तेव्हा पिट्सबर्गच्या चाहत्याला वसंतात आनंद होतो तोही जपून.

भारतात हे नाव काहींनी २००८ मध्ये ऐकलं असेल. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध करणारा संघ हाच. पण आजचा विषय वेगळा आहे. २९ सामन्यांवरून १६२ सामन्यांच्या हंगामाबद्दल काय सांगता येतं, आणि काय सांगायचा मोह आवरायला हवा?

आयपीएलमध्ये साखळीचे १४ सामने झाले की संघाचा निकाल लागतो. बेसबॉलमध्ये १४ सामने म्हणजे जेमतेम दोन आठवडे. इथे जवळजवळ रोज सामना असतो आणि अव्वल संघही ६० वेळा हरतो. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण शीत पातेल्यात कुठून उचललं तेही बघावं लागतं.

[दृश्य: गुणतक्ता. कॅमेरा विजय-पराभवांवरून सरकत उजवीकडच्या रकान्यांवर जातो.]

जाणता चाहता विजयांचा रकाना बघून थांबत नाही. त्याची नजर उजवीकडे जाते: केलेल्या धावा, दिलेल्या धावा आणि दोन्हींतला फरक. कारण एका धावेने जिंकलेला सामना आणि आठ धावांनी जिंकलेला सामना तक्त्यात सारखेच दिसतात.

बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी रूढ केलेलं एक सूत्र आहे, घरबसल्या कागदावर सुटतं. केलेल्या धावांचा वर्ग घ्या. दिलेल्या धावांचा वर्ग घ्या. दोन्हींची बेरीज करा आणि पहिल्या वर्गाला या बेरजेने भागा. धावांच्या हिशेबाने संघाला किती विजय मिळायला हवे होते, ते प्रमाण हाती येतं. समजा एखाद्या संघाने २९ सामन्यांत १४० धावा केल्या आणि ११५ दिल्या. वर्ग १९,६०० आणि १३,२२५. बेरीज ३२,८२५. भागाकार ०.५९७. म्हणजे २९ पैकी साधारण १७ विजय. प्रत्यक्षात २० असतील तर वरचे तीन कुठून आले ते शोधायला बसायचं.

ते बहुतेक वेळा एका धावेच्या सामन्यांत सापडतात. २०१२ ची बाल्टिमोर ओरिओल्स अशा सामन्यांत २९-९ होती, म्हणजे २९ विजय आणि ९ पराभव. पुढच्या वर्षी तोच संघ २०-३१. शेवटच्या डावात चेंडू हातात घेणारा जिम जॉन्सनही तोच. २०१२ मध्ये त्याने ५१ सामने आघाडी टिकवून वाचवले आणि २०१३ मध्ये ५०, फक्त दुसऱ्या वर्षी नऊ आघाड्या त्याच्या हातून निसटल्या. अटीतटीचे सामने जिंकणं हा काही अंशी कसलेल्या बुलपेनचा, म्हणजे नंतर येणाऱ्या राखीव पिचरांचा (चेंडू टाकणाऱ्यांचा), गुण असतो. पण मोठा भाग एखाद्या चेंडूचा असतो, जो बेसच्या रेषेला शिवून आत पडला की वीतभर बाहेर.

[दृश्य: फ्लोरिडा, ट्रॉपिकाना फील्डचं पांढरं छत.]

त्याच एप्रिलमध्ये टॅम्पा बे रेजने हंगामाची सुरुवात सलग १३ विजयांनी केली. आधुनिक काळात असं फक्त दोघांना जमलं होतं: १९८२ ची अटलांटा ब्रेव्हज आणि १९८७ ची मिलवॉकी ब्रूअर्स. रेजने त्या १३ सामन्यांत १०१ धावा केल्या आणि फक्त ३० दिल्या. पहिले नऊ विजय चार किंवा त्याहून जास्त धावांच्या फरकाने. वरचं सूत्र लावलं तर १३ पैकी १२ विजय हक्काचेच निघतात. इथे नशिबाकडे बोट दाखवायला जागा नाही.

पण दुसरा प्रश्न उरतोच. समोर कोण होतं? डेट्रॉईट टायगर्स, वॉशिंग्टन नॅशनल्स, ओकलंड ॲथलेटिक्स आणि बॉस्टन रेड सॉक्स. हे चारही संघ त्या वर्षाअखेर पराभवांच्या बाजूला होते, ओकलंड तर ५०-११२. एप्रिलमध्ये हे पूर्ण कळत नसतं. म्हणून मुरलेले चाहते प्रतिस्पर्ध्यांची नावं लिहून ठेवतात आणि जूनमध्ये यादी पुन्हा काढतात.

पायरेट्सच्या यादीतही कोलोराडो रॉकीज, शिकागो व्हाइट सॉक्स, नॅशनल्स, सेंट लुईस कार्डिनल्स होते. रॉकीजने शेवटी १०३ सामने गमावले, व्हाइट सॉक्सने १०१, उरलेल्या दोघांनी प्रत्येकी ९१. २०२३ पासून प्रत्येक संघ बाकीच्या सगळ्या २९ संघांशी खेळतो, त्यामुळे हंगामाअखेर कार्यक्रम बऱ्यापैकी समतोल होतो. पण तो अखेरीस. एप्रिलचा तुकडा मऊही निघू शकतो, टणकही.

[दृश्य: नाणं हवेत उडतं. पडद्यावर २९ छोटे गोल, काळे आणि पिवळे.]

आता निव्वळ योगायोगाचा हिशेब. एखादा संघ अगदी सामान्य आहे, निम्मे सामने जिंकणारा. त्याने २९ पैकी २० किंवा जास्त जिंकण्याची शक्यता साधारण ३ टक्के. किरकोळ वाटते. पण मेजर लीगमध्ये संघ ३० आहेत. सगळेच सामान्य धरले तरी दरवर्षी त्यांतला एखादा एप्रिलअखेर २० विजयांवर उभा दिसेल, काहीही विशेष न करता. आणि ज्या गावात तो उभा असेल, त्या गावात त्या दिवशी हे गणित कुणी ऐकून घेणार नाही.

खेळाडूंचंही तसंच. २९ सामन्यांत रोज खेळणाऱ्या बॅटरला सुमारे १२० पाळ्या मिळतात, त्यांतल्या ११० सरासरीत धरल्या जातात. ३० हिट (बेसवर पोहोचवणारे फटके) असतील तर सरासरी ०.२७३. चार मऊ फटके क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडले की ०.३०९. महिन्याभरात चार फटके! आणि एवढ्यावर त्याला ‘या वर्षी सापडलेला हिरा’ म्हणून नाचवायचं.

म्हणून सरासरीकडे मेअखेरपर्यंत फारसं बघूच नये. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) किती होतात ते बघावं. हे प्रमाण ६० च्या आसपास पाळ्यांनंतर निम्मं कौशल्य आणि निम्मा योग इतक्या भरवशाचं होतं. वॉकला (चार बाहेरचे चेंडू सोडून मिळणारा फुकट बेस) त्याच्या दुप्पट पाळ्या लागतात. बॅटिंग सरासरीला ९०० च्या घरात, म्हणजे एक हंगामही पुरत नाही. पिचरचं पाहताना तो किती बॅटर बाद करतो आणि किती जणांना फुकट बेस देतो हे आधी. दिलेल्या धावांची सरासरी नंतर, कारण एप्रिलअखेर त्याचे सहाच सामने झालेले असतात आणि एक वाईट संध्याकाळ ती सरासरी पार बिघडवते. फटक्याचा वेग हाही लवकर खरं बोलणारा आकडा: ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर, त्याच्या वरचे फटके वाढले असतील तर बॅटरमध्ये खरंच काही बदललं आहे.

[दृश्य: पीएनसी पार्क, होम प्लेटजवळची धूळ.]

आकड्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे शरीर. ९ एप्रिलला पायरेट्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ओनील क्रूझ होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी, घसरताना कॅचरवर आदळला आणि त्याचा डावा घोटा मोडला. नऊ सामन्यांत त्याचा हंगाम आटोपला. सुरुवातीच्या फळीतला पिचर जे. टी. ब्रूबेकर कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बाहेर. संघ तरीही जिंकत राहिला, आणि गल्लत नेमकी इथे होते. ‘त्याच्याशिवायही जमतंय’ असं वाटू लागतं. पर्यायी खेळाडू तीन आठवडे तग धरतात. मग प्रतिस्पर्धी त्यांच्या चित्रफिती बघतात, कोणता चेंडू त्यांना झेपत नाही ते हेरतात आणि तोच पुन्हा पुन्हा टाकतात. चांगल्या संघाची खरी ओळख पाचव्या पिचरपासून खाली आठव्या-नवव्यापर्यंत कोण आहे, यावरून होते.

टॅम्पालाही हेच भोवलं. तेराव्या विजयाच्याच सामन्यात जेफ्री स्प्रिंग्जचं कोपर दुखावलं. मेमध्ये ड्रू रासमुसेन गेला, ऑगस्टमध्ये शेन मॅकक्लॅनहन. तरी संघ ९९-६३ वर पोहोचला, कारण मुळात तो भक्कम होता. पण १०१ विजय मिळवणाऱ्या ओरिओल्सने त्यांचा पाच संघांचा विभाग जिंकला, आणि बाद सामन्यांच्या पहिल्या, वाइल्ड कार्ड फेरीत टेक्सस रेंजर्सने रेजला दोन सामन्यांत घरी पाठवलं, ४-० आणि ७-१.

[दृश्य: मिलवॉकी, जुनी छायाचित्रं.]

१९८७ च्या मिलवॉकीची गंमत वेगळी. गावातल्या जॉर्ज वेब या उपाहारगृहांनी सलग १२ विजय मिळाले तर फुकट हॅम्बर्गर देऊ असं जाहीर करून ठेवलं होतं. बारावा विजय ईस्टरच्या रविवारी आला, नवव्या डावात रॉब डीअर आणि डेल स्वेम यांच्या होम रननी (मैदानाबाहेर गेलेल्या फटक्यांनी). १ लाख ६८ हजारांवर हॅम्बर्गर वाटले गेले. मेमध्ये याच संघाने सलग १२ सामने गमावले. अखेर ९१-७१, आणि विभागात तिसरा क्रमांक. तेव्हा प्रत्येक विभागातला फक्त पहिला संघ पुढे जायचा.

न्यूयॉर्क मेट्सने २०१८ ची सुरुवात ११-१ अशी केली, शेवट ७७-८५. सिॲटल मरिनर्स २०१९ मध्ये १३-२ वरून ६८-९४ वर आली. पहिल्या २० सामन्यांत प्रत्येक सामन्यात होम रन, आणि तरीही. उलट त्याच वर्षी १९-३१ वर रडतखडत असलेल्या नॅशनल्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली. सुरुवात शेवटपर्यंत खरी ठरल्याचं ठळक उदाहरण १९८४ च्या डेट्रॉईटचं: ३५-५, मग १०४ विजय आणि अजिंक्यपद. पण त्या ४० सामन्यांनंतर टायगर्सही ६९-५३ असेच खेळले. चांगला संघ, अजिंक्य नव्हे.

[दृश्य: पुन्हा पिट्सबर्ग. वही, पेन्सिल.]

तर ३० एप्रिलला पिट्सबर्गच्या चाहत्याने वहीत काय मांडावं? एक जुना ठोकताळा असा: हाती असलेल्या निकालात सामान्य संघाचे ७० सामने मिसळा. २०-९ मध्ये ३५-३५ मिळवले की ५५-४४, म्हणजे ०.५५६. उरलेल्या १३३ सामन्यांत ७४ विजय, एकूण ९४. हे जरा उदारच झालं. आदल्या वर्षी शंभर पराभव झालेला संघ सामान्य कसा धरायचा? मग ३०-४० मिसळून बघा. ५०-४९ होतात, आणि एकूण विजय ८७.

दोन्ही आकडे जास्तच ठरले. मेच्या पहिल्या आठवड्यात रेजकडून तीन आणि टोरंटो ब्लू जेजकडून तीन असे सलग सहा पराभव झाले. जूनमध्ये सलग दहा. शेवट ७६-८६, विभागात चौथा.

तरी ते २० विजय फुकट गेले असं म्हणणं बरोबर नाही. संघ किती चांगला आहे हा एक प्रश्न, आणि खात्यात किती जमा झाले हा दुसरा. एप्रिल पहिल्याचं उत्तर अर्धवट देतो, दुसऱ्याचं पूर्ण. जमा झालेले विजय परत काढून घेता येत नाहीत. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात, आणि २०२३ मध्ये ॲरिझोना डायमंडबॅक्सला ८४ विजय पुरले. तो संघ तर वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. म्हणजे २०-९ नंतर पायरेट्सला तेवढ्यावर पोहोचायला उरलेले सामने ६४-६९ असे खेळले तरी चालणार होतं. निम्म्यापेक्षा कमी जिंकूनही.

ते ५६-७७ खेळले. पाच महिन्यांत आठ विजय कमी पडले.

[दृश्य: रिकामी बाकं. सप्टेंबरची संध्याकाळ. धावफलक विझतो.]