बोटांची सवय साठते कुठे?

मंडळी, लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात लग्नपत्रिकांचं डीटीपी करणाऱ्या ताई मला म्हणाल्या, "सर, रोज सकाळी तेच शॉर्टकट परत लावते. कॉम्प्युटर रात्रीत विसरतोय." वर्डमध्ये त्यांनी 'चि. सौ. कां.'च्या ओळीला एक स्टाइल, म्हणजे अक्षरांची ठरावीक ठेवण, केली होती, निमंत्रकांच्या नावांना दुसरी, आणि दोन्हींना कळा नेमल्या होत्या. लग्नसराईत या दोन कळांवर त्यांचा अर्धा दिवस वाचायचा. सगळ्यांनी त्यांना एकच उत्तर दिलं होतं: तुमचंच काहीतरी चुकतंय. मला ते फार लागलं. चूक त्यांची नव्हती.

मी संध्याकाळी तिथं थांबलो. ताईंनी फाइल सेव्ह केली, वर्ड तसंच उघडं, आणि मालकांनी शटर ओढताना मेन स्विच खाली केला. बघा, इथं मेख आहे. पत्रिकेची फाइल सेव्ह झाली, पण शॉर्टकट त्या फाइलमध्ये नसतात. ते 'नॉर्मल डॉट डीओटीएम' या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या मूळ साच्याच्या फाइलमध्ये जातात, आणि वर्ड हे टेम्प्लेट साधारणपणे बंद होताना लिहितं. वीज गेली, वर्ड कोसळलं किंवा टास्क मॅनेजरमधून मारलं, की नवीन नेमणुका गेल्या. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसचंही, म्हणजे आपण लावलेल्या सेटिंगचंही, तसंच आहे, त्याही बंद होतानाच लिहिल्या जातात.

वर्डमध्ये कळ नेमतो त्या खिडकीत 'सेव्ह चेंजेस इन' असा एक रकाना आहे. तिथं चुकून चालू डॉक्युमेंट निवडलं, तर शॉर्टकट त्या एका पत्रिकेपुरता राहतो. आणि कळ दाबून 'असाइन' न करता 'क्लोज' केलं, तर काहीच लागत नाही.

उद्यमनगरातल्या ड्रॉइंगवाल्यांची गोष्ट वेगळी. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमचे छोटे कमांड 'अ‍ॅकॅड डॉट पीजीपी' या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. मुलगा 'सी' म्हणजे सर्कल बदलून कॉपी करतो, फाइल सेव्ह करतो, 'सी' दाबतो, तर पुन्हा सर्कलच! बदल सेव्ह झालेला असतो, ऑटोकॅडनं तो अजून वाचलेला नसतो. 'रीइनिट' कमांड द्या किंवा ऑटोकॅड बंद करून उघडा. नवीन आवृत्ती टाकली की ती आपली वेगळी फाइल घेऊन येते. तुमची जुनी फाइल जुन्या फोल्डरमध्ये शाबूत असते. ती शोधा, रडत बसू नका.

क्लासच्या लॅबमध्ये मात्र कितीही नीट बंद करा, उपयोग नाही. तिथं अनेकदा रीस्टार्ट झाल्यावर मशीन मूळ स्थितीवर आणणारी व्यवस्था असते. विंडोजनं 'तात्पुरती प्रोफाइल', म्हणजे तेवढ्यापुरतं खातं, असा निरोप दाखवला असेल, तेव्हाही साइन आउट होताच सगळं पुसलं जातं. तो निरोप लोक न वाचता घालवतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि कधी सेटिंग जागेवर असतं, पण तीच कळ दुसरा चालू प्रोग्रॅम आधी उचलतो. तेव्हा पार्श्वभूमीतले प्रोग्रॅम एकेक बंद करून बघा.

ताई आता मेन स्विचच्या आधी वर्ड बंद करतात. त्यांच्या टेम्प्लेटची एक प्रत आम्ही पेनड्राइव्हवर काढली. ती काढतानाही वर्ड बंदच हवं. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी आता फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड असं जा. खाली 'सेव्ह'मध्ये नॉर्मल टेम्प्लेट लिहिण्याआधी विचारण्याची खूण आहे, ती करा. मी फिरून बघतो.