स्टॅमफर्डची ‘जॉर्ज’ सराई

नमस्कार श्रोतेहो.

लंडनहून यॉर्ककडे आणि तिथून पुढे एडिंबरोकडे जाणारा इंग्लंडचा जुना हमरस्ता म्हणजे ग्रेट नॉर्थ रोड. लंडन सोडून साधारण १४५ किलोमीटर आलं, की लिंकनशायरमधलं स्टॅमफर्ड हे बाजारपेठेचं गाव लागतं. वेलंड नदीच्या पुलाकडे उतरताना डोक्यावर एक लांबलचक तुळई दिसते, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी. ती ‘जॉर्ज’ या सराईची पाटी. तिचा आकार थेट फाशीच्या चौकटीचा. वाटमाऱ्यांना ती धाक घालायची, असं सांगतात.

सराईची मुख्य इमारत १५९७ साली राणी एलिझाबेथचे खजिनदार लॉर्ड बर्ली यांनी उभारली. पण तिला खरे वैभवाचे दिवस दाखवले ते घोडागाड्यांनी. भरभराटीच्या काळात इथे रोज चाळीस गाड्या थांबत, वीस लंडनकडे जाणाऱ्या, वीस तिकडून येणाऱ्या. दारातून आत शिरलं की दोन बाजूंना लाकडी फळ्यांनी मढवलेल्या दोन खोल्या लागतात. एकीवर ‘लंडन’ लिहिलेलं, दुसरीवर ‘यॉर्क’. ज्याला ज्या दिशेला जायचं, त्याने त्या खोलीत बसून गाडीची वाट पाहायची.

मला मात्र या खोल्यांपेक्षा मागच्या अंगणाचं अप्रूप जास्त वाटतं, कारण सगळी धांदल तिथली. गाडीला सहसा चार घोडे. भरधाव पळून ते पंधरा-सोळा किलोमीटरांत दमून जात, म्हणून टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे तयार ठेवावे लागत. १७८४ मध्ये जॉन पामर यांनी ब्रिस्टल ते लंडन अशी पहिली टपालगाडी धावती केली आणि मग वेळेला फारच किंमत आली. टपालगाडीला पथकर माफ होता. गाडीवरचा रखवालदार दुरूनच शिंग फुंकायचा, की नाक्याचं फाटक उघडायचं आणि सराईतले मोतद्दार घोडे घेऊन सज्ज व्हायचे. एक-दोन मिनिटांत घोडे बदलून गाडी पुन्हा रस्त्याला! प्रवासी आपल्या आठवणी लिहून गेले. रात्री-अपरात्री थंडीत खोगीर-लगाम सांभाळणाऱ्या या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याची मला खंत वाटते.

मग आगगाडी आली. १८५२ पर्यंत उत्तरेकडचा मुख्य लोहमार्ग पीटरबरो आणि ग्रँथमवरून गेला, स्टॅमफर्ड बाजूला राहिलं. घोडागाड्या बंद पडल्या, पागा ओस पडल्या. गावाची वाढही मंदावली आणि माझ्या मते त्यामुळेच जुनी दगडी घरं पाडायची कुणाला गरज पडली नाही. १९६७ साली इंग्लंडमधलं पहिलं संरक्षित वारसा क्षेत्र म्हणून याच गावाची निवड झाली.

पुढे मोटारी आल्या आणि ‘जॉर्ज’ला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. १९६० मध्ये हमरस्ता गावाबाहेरून वळवला, तरी सराई हॉटेल म्हणून आजही चालू आहे. आपल्यापैकी कुणाचे मुलं-नातवंडं तिकडे असतील, तर त्यांना जरूर सांगा: नुसती पाटी बघून परतू नका, मागच्या अंगणापर्यंत जा.