गिधाडं कशाने मेली? संशोधन साहित्याचा आढावा घ्यायला शिकताना

(दृश्य: रायगड जिल्हा. उंच झाडाच्या शेंड्याजवळ काटक्यांचं मोठं घरटं.)

कोकणात म्हसळा, श्रीवर्धनच्या परिसरात पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडांवर घरटं करतं. लांब चोचीचं गिधाड सह्याद्रीच्या कड्यांवर राहतं. 1990 च्या दशकात भारतीय उपखंडात या दोन्ही जातींची संख्या कोसळली. समजा, एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी हाच विषय मिळाला आहे. गाइडनी सांगितलंय, आधी लिटरेचर वाच. हे वाचणं नेमकं कसं करायचं, ते या विषयावरच्या प्रसिद्ध शोधनिबंधांच्या आधारे बघूया.

सुरुवात प्रश्नापासून. ‘गिधाडांची घट’ हा विषय झाला, त्याला उत्तर नसतं. प्रश्नात चार गोष्टी यायला हव्यात: कोणता जीव, कुठला प्रदेश, कोणता काळ आणि कशाचा कशाशी संबंध. म्हणजे असं: ‘भारतीय उपखंडात 1990 नंतर जिप्स प्रजातीतल्या गिधाडांचे जे मृत्यू झाले, त्यांचं मुख्य कारण डायक्लोफेनॅक आहे याला कोणते पुरावे आहेत, आणि ते कुठे अपुरे पडतात?’ (डायक्लोफेनॅक हे वेदना आणि सूज कमी करणारं औषध. ते जनावरांनाही दिलं जाई, आणि अशी मेलेली जनावरं गिधाडं खात.) हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक पेपर हातात घेताना, तो या वाक्याच्या कोणत्या भागाला उत्तर देतो, हे विचारायचं आहे.

(दृश्य: संगणकाचा पडदा. शोधाच्या चौकटीत शब्द टाइप होत आहेत.)

आता शोधाचे शब्द. इथे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक अडचण हमखास येते: नावं बदलतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला जुन्या इंग्रजी लेखनात ‘व्हाइट-बॅक्ड’ म्हणत, आता ‘व्हाइट-रम्प्ड’ म्हणतात. आफ्रिकेत ‘व्हाइट-बॅक्ड’ याच नावाची वेगळी जात आहे, त्यामुळे नुसतं इंग्रजी नाव टाकलं की आफ्रिकेतलं संशोधन मिसळून येतं. शास्त्रीय नाव जिप्स बेंगालेन्सिस. पण आणखी मागे गेलात तर हाच पक्षी स्यूडोजिप्स बेंगालेन्सिस या नावाने सापडतो. लांब चोचीच्या गिधाडाचा गुंता याहून मोठा. आधी एकच जात मानली जाई. 2001 च्या सुमारास तिचे दोन भाग झाले: जिप्स इंडिकस आणि बारीक चोचीचं जिप्स टेन्युइरोस्ट्रिस. म्हणजे 1990 च्या दशकातल्या सर्वेक्षणात ‘इंडिकस’ म्हणून जो आकडा आहे, त्यात आजच्या दोन जाती असू शकतात. ही टीप आढाव्यात आलीच पाहिजे. ती नसेल तर दोन वेगळ्या गोष्टींची तुलना होते आणि वाचणाऱ्याला कळतही नाही.

शब्दांचे दोन गट करा. पहिल्यात जीवाची सगळी नावं, दुसऱ्यात कारणाची: डायक्लोफेनॅक, दाहशामक औषधं, व्हिसरल गाउट (अवयवांवर युरिक आम्ल साचणं), मूत्रपिंड निकामी होणं. एका गटातल्या शब्दांमध्ये ‘ऑर’, दोन गटांच्या मध्ये ‘अँड’, आणि प्रत्येक गट कंसात. पबमेड या शोधनिबंधांच्या ऑनलाइन डेटाबेसवर हे ‘ऑर’ आणि ‘अँड’ इंग्रजी कॅपिटल अक्षरांत टाइप करा. कंस विसरलात तर पबमेड डावीकडून उजवीकडे क्रमाने वाचत जातं आणि भलतंच हाती लागतं. शब्दाच्या शेवटी तारांकन (*) दिलं तर त्या मुळापासून सुरू होणारे सगळे शब्द मिळतात. त्यासाठी आधी किमान चार अक्षरं लागतात. गूगल स्कॉलरवर तारांकनाचा उपयोग नाही, आणि एका शोधाच्या पहिल्या हजारापलीकडच्या नोंदी ते दाखवतच नाही. ‘साठ हजार निकाल’ असं वर लिहिलेलं दिसलं, तरी बघता येतात ते हजारच.

एका ठिकाणी शोधून भागत नाही. पबमेड मुळात वैद्यक आणि जीववैद्यकाचं. औषधाच्या विषबाधेचे पेपर तिथे मिळतील, पण पक्ष्यांच्या गणनेचे बरेचसे पेपर ज्या नियतकालिकांत येतात, ती तिथे नसतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक 1886 पासून निघतं. त्याचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचायला मिळतात. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर आहेत. पेपर पैशांच्या कुलपात असेल तर आधी ग्रंथपालांकडे जा: 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत, आणि अनेक विद्यार्थ्यांना ते ठाऊकही नसतं.

प्रत्येक शोधाची नोंद ठेवायची. तारीख, कोणता डेटाबेस, जसाच्या तसा शोधवाक्यांश, वर्षांची मर्यादा, किती नोंदी आल्या, किती ठेवल्या. सहा रकान्यांची साधी एक्सेल फाइल पुरे. ही फाइल नसेल तर तीन महिन्यांनी तुम्ही स्वतःसुद्धा तो शोध पुन्हा करू शकणार नाही.

चाळणी दोनदा लावा. पहिल्यांदा फक्त शीर्षक आणि अॅब्स्ट्रॅक्ट (सारांश), दुसऱ्यांदा पूर्ण पेपर. दुसऱ्या चाळणीत जो गाळला त्याच्यापुढे कारण लिहा: ‘आफ्रिकेतली जात’, ‘फक्त बातमी, आकडे नाहीत’, ‘प्रश्नाशी संबंध नाही’. मग उरलेल्या चांगल्या पेपरांच्या संदर्भयादीतून मागे जा, आणि गूगल स्कॉलरच्या ‘साइटेड बाय’वरून (त्या पेपरचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या पेपरांची यादी) पुढे. शब्दांच्या शोधातून निसटलेले पेपर बहुधा याच वाटेने सापडतात.

(दृश्य: टेबलावर चार छापील शोधनिबंध, वर्षांच्या क्रमाने.)

आता वाचन. गिधाडांच्या बाबतीत हे पेपर कालक्रमाने लावले की पुरावा कसा उभा राहत गेला ते दिसतं.

1999 मध्ये विभू प्रकाश यांनी राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातली घट नोंदवली. ती एका जागेची नोंद होती. 2003 मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. 1991 ते 93 ची सर्वेक्षणं आणि 2000 ची सर्वेक्षणं यांची तुलना करून त्यांनी 92 टक्क्यांहून जास्त घट दाखवली. इथे थांबून पद्धतीचा भाग वाचा. ही मोजणी मुख्यतः रस्त्याने जाताना दिसलेल्या पक्ष्यांची आहे. म्हणजे ही सापेक्ष तुलना, देशातल्या एकूण गिधाडांची शिरगणती नव्हे. अॅब्स्ट्रॅक्टवर भागवणारा विद्यार्थी हा फरक हरवून बसतो.

त्याच 2003 मध्ये दुसरा एक पेपर प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: भारतातली गिधाडं संसर्गजन्य रोगाच्या साथीला बळी पडताहेत का? तेव्हा हाती असलेल्या शवविच्छेदनांवरून ती शंका रास्त होती. आज हा पेपर चुकीचा म्हणून वगळू नका. त्या वेळी काय माहीत होतं आणि तर्क कुठवर जात होता, हे सांगायला आढाव्यात त्याची जागा आहे. मात्र ‘गिधाडं रोगाने मेली’ या वाक्यापुढे त्याचा संदर्भ टाकणं ही चूक. लेखकांनी प्रश्नचिन्ह दिलं होतं, ते तुम्ही परस्पर पुसून टाकता.

2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांचा ‘नेचर’मधला पेपर आला. पाकिस्तानात केलेलं काम. वाचलेल्या प्रत्येक पेपरसाठी एक ओळ, असा शोधनोंदीहून वेगळा तक्ता करायचा. त्यात हा एकच पेपर कसा भरायचा, ते जवळून बघू.

(दृश्य: एक्सेलमधली एक आडवी ओळ. कर्सर एकेका रकान्यातून सरकतो.)

पहिला रकाना, प्रश्न: मूत्रपिंड निकामी होऊन गिधाडं का मरताहेत? दुसरा, जागा आणि काळ: पाकिस्तान, 2000 ते 2003. तिसरा, नमुना: मेलेले पक्षी, त्यांतल्या बहुतेकांच्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर, म्हणजे व्हिसरल गाउट. चौथा, पद्धत: ऊतींमध्ये औषधाचा अंश शोधणं, संसर्ग आणि इतर विषांच्या तपासण्या, शिवाय गिधाडांवर प्रत्यक्ष प्रयोग. पाचवा, निकाल, आणि तो आकड्यांत: मूत्रपिंड निकामी झालेल्या 25 पैकी 25 पक्ष्यांत डायक्लोफेनॅक सापडलं, तसं नसलेल्या 13 पैकी एकातही नाही. औषध थेट देऊन, आणि औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घालूनही, तोच आजार उद्भवला.

सहावा रकाना विद्यार्थी रिकामा सोडतात, आणि आढाव्याचा जीव नेमका त्यात असतो: हा पेपर काय सिद्ध करत नाही? 25 आणि 13 हा सहसंबंध झाला, तोही एकाच देशातला. कारण ठरलं ते प्रयोगाने. पण प्रयोगातले पक्षी थोडे. जात संकटात असताना जास्त घेता येणार नव्हते. मग दोन प्रश्न उरतात. भारतात आणि नेपाळमध्येही हेच घडलं का? आणि एवढ्या प्रचंड घटीला पुरेशी जनावरं हे औषध घेऊन मरत होती का?

ही दोन वाक्यंच पुढचा शोध ठरवतात. पहिल्याचं उत्तर त्याच वर्षीच्या, भारत आणि नेपाळमधल्या मृत गिधाडांवरच्या पेपरमध्ये मिळतं. दुसऱ्याचं ग्रीन आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या गणिती प्रतिमानात: गिधाडांना मिळणाऱ्या 130 ते 760 मढ्यांपैकी एखाद्यात प्राणघातक प्रमाणात औषध असलं, तरी दिसलेली घट होऊ शकते. आता गणना, शवविच्छेदन, प्रयोग आणि प्रतिमान हे चार वेगळ्या जातीचे पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात. हे तुम्ही स्वतः, तक्त्यातून, दाखवून द्यायचं. कोणत्याही एका पेपरात ते आयतं मिळत नाही.

लिहिताना परिच्छेद पेपरनुसार पाडू नका, दाव्यानुसार पाडा. ‘प्रकाश यांनी असं म्हटलं, ओक्स यांनी तसं म्हटलं’ ही रांग वाचणाऱ्याला कुठेच नेत नाही. पहिल्या वाक्यात दावा, मग त्याला धरून असलेले दोन-तीन पुरावे, मग मर्यादा.

संदर्भ उसना घेऊ नका. 2007 च्या गणनेतला 99.9 टक्के हा आकडा घ्या. तो 1992 च्या तुलनेत फक्त पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचा आहे. लांब आणि बारीक चोचीच्या उरलेल्या दोन जातींची एकत्रित घट 97 टक्क्यांच्या जवळपास होती. दुसऱ्याच्या प्रस्तावनेतून आकडा उचलला की ‘भारतातली 99.9 टक्के गिधाडं संपली’ असं वाक्य तयार होतं. मूळ पेपर उघडा, तक्ता बघा, मग लिहा.

(दृश्य: झोटेरोची खिडकी. एका नोंदीवर लाल पट्टी.)

संदर्भ ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पेपर मागे घेतला गेला असेल तर ते तशी सूचना देतं. त्यात आपोआप आलेली नोंद एकदा डोळ्यांखालून घाला: शास्त्रीय नावाचा तिरका ठसा हरवतो, लेखकांची आडनावं आणि नावं उलटसुलट होतात. एआयच्या चॅटबॉटने दिलेला प्रत्येक संदर्भ डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून उघडून पाहा. ही साधनं खऱ्या वाटणाऱ्या लेखकांच्या नावाने अस्तित्वात नसलेले पेपर सहज रचतात, आणि परीक्षकाने असा एक पकडला की बाकीच्या कामावरचाही विश्वास उडतो.

दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेल्या साम्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2018 चे नियम आहेत: 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 10 ते 40 टक्क्यांत सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. पण शब्द फिरवून टक्का खाली आणणं हा त्यावर उपाय नाही. पेपर बंद करून, तक्त्यातल्या स्वतःच्या नोंदींवरून लिहा; वाक्य आपोआप तुमचं होतं.

थांबायचं कधी? वेगवेगळ्या शब्दांनी, वेगळ्या डेटाबेसवर शोधूनही तक्त्यात आधीच असलेले पेपर परत परत येऊ लागले, की शोध पुरेसा झाला. वाङ्मय मात्र वाढतच राहतं. भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली, आफ्रिकी आणि मग आशियाई गिधाडांवर तपासून मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध सुरक्षित ठरलं, 2015 मध्ये माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या कुप्या 3 मिलिलिटरच्या एकाच डोसपुरत्या केल्या, 2023 मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ही तशीच दाहशामक औषधं बंद झाली. यातल्या प्रत्येक निर्णयामागे आणि निर्णयानंतरही पेपर आहेत. म्हणून प्रबंध बांधणीला देण्याच्या पंधरा दिवस आधी ती शोधनोंदीची फाइल उघडा, तेच शब्द पुन्हा टाका, तारखेची मर्यादा मागच्या शोधापासून पुढची ठेवा, आणि जे नवीन सापडेल ते सहाव्या रकान्यासकट तक्त्यात भरा.