बसस्थानकाला हवी एक ढाळज

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दिवाळीत भाच्याला घेऊन एका बसस्थानकावर एसटीची वाट बघत होतो. भाचा नऊ वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. डोक्यावर एक ट्यूबलाइट लुकलुकत होती. तेवढ्यात कर्णा खरखरला, घोषणा सुटली, आणि पोरानं कानांवर हात दाबून फरशीवरच बसकण मारली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "लाडावलंय लेकरू." लगेच मलाच विचारलं, "आन् लातूरची गाडी कोणत्या फलाटाला म्हनला वो त्यो?"

मला तरी कुठं कळलं होतं! लेकराला जो आवाज टोचला, तो आजींच्याही उपयोगाचा नव्हता.

मेंदूची घडण वेगळी असलेली अशी माणसं पुष्कळ आहेत. कुणी स्वमग्न, कुणाचं लक्ष ठरत नाही, कुणाला डिस्लेक्सियामुळं वाचनच अवघड जातं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. पण सार्वजनिक इमारतीत सोय म्हटली की आपली धाव रॅम्पपर्यंत.

माग्दा मुस्तफा या इजिप्तच्या वास्तुविशारद. स्वमग्न माणसांसाठी इमारती कशा असाव्यात, याची तत्त्वं त्यांनी मांडली. त्यातली दोन अशी: गोंगाटातून बाजूला व्हायला एक कोपरा हवा, आणि एका जागेतून दुसरीत जाताना मध्ये थोडी उसंत हवी. वाचलं आणि हसू आलं. अहो, ही तर आपल्या वाड्यातली ढाळज! दरवाजातून आलेला माणूस आधी तिथं टेकायचा. आत कोण आहे, काय चाललंय, याचा अंदाज घ्यायचा, मग उठून चौकात जायचा. नवे बंगले बांधताना आपण तीच आधी काढून टाकली.

पाट्यांचंही तसंच. पहिल्या निवडणुकीपासून आपण चिन्ह ओळखून मत देतोय. मग तुळजापूरच्या फलाटावर कवड्यांची माळ का नको? पैठणच्या फलाटावर मोर? डिस्लेक्सिया असलेल्या पोराला कळेल, निरक्षर आजींना कळेल, बिहारहून आलेल्या गवंड्यालाही कळेल. लातूरला तूर काढायची की सोयाबीन, यावर भांडण होईल. होऊ द्या.

त्या दिवशी मी भाच्याला उचलून पाण्याच्या टाकीमागं नेलं. तिथं लिंबाखाली कर्णा जरा दबका वाटत होता. बघतो तर जागा रिकामी नव्हतीच. एक बाई बाळाला पाजत होती, एक म्हातारा डोकं धरून बसला होता, कॉलेजची एक पोरगी कानाला फोन घट्ट लावून बोलत होती. म्हातारबा थोडे सरकले. भाचा त्यांच्याजवळ टेकला आणि हळूहळू त्यानं कानांवरचे हात खाली घेतले.